स्पॅनिशचे उच्चार देवनागरीत लिहून पाहा
स्पॅनिश शब्द आपण इंग्रजीसारखे वाचतो आन् तिथंच गोंधळ होते. मी आता नवा शब्द आधी मोबाईलवर ऐकतो, मग वहीत देवनागरीत लिहून ठेवतो, लय सोपं झालं बाप्पा.

१) टी, डी दिसले की त, द लिहा, ट-ड नाही: तोमाते (टोमॅटो), दोस (दोन).
२) एच मुका, म्हणून hola (नमस्कार) वाचायचं 'ओला'.
३) जे (j) म्हणजे घशातून घासत येणारा ख. आपल्या नागपूरचा संत्रा तिकडं नारांखा!
४) डबल आर म्हणजे चिमणी भुर्र उडाली त्यातला र्र, तो नीट म्हणा, कारण पेर्रो म्हणजे कुत्रा आन् पेरो म्हणजे 'पण', इथं घसरलं की वाक्याची वाट लागते.

फक्त व्हीला व लिहू नका, तो ब सारखाच. गाय म्हणजे बाका, वाका नाही.