अ‍ॅव्हरेज पडलं? कार्ब्युरेटरला शेवटी हात लावा

माझी गाडी २००६ची स्प्लेंडर प्लस. धंदा विम्याचा, म्हणजे बूड गाडीवरच. इंदुरात लोकमान्य नगरातून निघायचं, राजवाडा, पलासिया, आठवड्यातून दोनदा महू. महिन्याला दीड हजार किलोमीटर कुठे गेले नाहीत. पेट्रोल भरलं की पावतीमागे मीटरचा आकडा लिहायचा आणि रात्री डायरीत उतरवायचा, ही सवय वीस वर्षांची. ही म्हणते, "लग्नाची तारीख विसरता, पण मीटर नाही विसरत."

त्या डायरीनेच सांगितलं की दिवाळीनंतर ६२चं अ‍ॅव्हरेज ४४वर आलंय. दीड हजार किलोमीटरला दहा लिटर पेट्रोल जास्त. इंदुरात लिटरचा भाव शंभराच्या वर, तेव्हा हजार रुपये दर महिन्याला धुरात.

मी केलं ते सगळेच करतात. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो आणि म्हणालो, "जरा कार्बोरेटर देखो." कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याने देखला. "भिया, कचरा था, साफ कर दिया, ट्यूनिंग भी कर दी." साडेतीनशे रुपये. अ‍ॅव्हरेज झालं ४६, आणि बिजासनच्या चढावर गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली. दोष त्याचा कसा म्हणू? आजार काय हे न सांगता औषधाचं नाव मीच सांगितलं होतं.

खरा आजार पंधरा दिवसांनी सापडला, तोही फुकट. रविवारी गाडी डबल स्टँडवर लावून पुसत होतो. न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने जोरात फिरवलं, तर दीड फेरा मारून थांबलं. पुन्हा फिरवलं. आतून सर्र सर्र आवाज, आणि दीड फेरा. नीट चाकाने चेन लागलेली असतानाही सहज तीन-चार फेरे मारायला हवेत. मग आठवलं, दिवाळीआधी पंक्चर काढताना मीच म्हटलं होतं, "ब्रेक जरा टाइट कर दे." त्याने नट आवळून दिला आणि मी दोन महिने ब्रेक दाबूनच गाडी चालवत होतो. नट चार आटे सैल केला, पेडलला दोन-अडीच सेंटिमीटरची मोकळी चाल ठेवली. पुढच्या टाकीला ५५.

म्हणून कार्ब्युरेटर माझ्या यादीत अगदी शेवटी आहे. तिथपर्यंत जाईतो बहुतेक वेळा चोर सापडलेला असतो.

तुमचंही अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर आधी ते नक्की किती आहे ते मोजा. "शंभरचं टाकलं, दोन दिवस चाललं" हे मोजमाप नव्हे. रिझर्व्हचा कॉक असलेल्या गाडीला सगळ्यात सोपी रीत अशी: चालता चालता गाडी रिझर्व्हला आली की मीटर लिहा, जवळच्या पंपावर बरोब्बर एक लिटर टाका, कॉक पुन्हा 'ऑन'वर करा आणि रोजचं फिरणं फिरा. पुन्हा रिझर्व्हला आली की जितके किलोमीटर झाले, तेच अ‍ॅव्हरेज. टाकी गळ्यापर्यंत भरली की नाही ही भानगडच नाही. फक्त चढावर किंवा उतारावर रिझर्व्ह लागलं तर तो आकडा सोडून द्या, आणि असं तीनदा करून सरासरी काढा. काही मिस्त्री १०० मिलीची बाटली टांगून रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने गाडी पळवून दाखवतात. त्यात सगळ्यांच्याच गाड्या गुणी निघतात. भंवरकुआंच्या सिग्नलवर त्या बाटलीचं काय झालं असतं, हे कोणी सांगत नाही.

मीटरवरही आंधळा विश्वास नको. पुढच्या चाकातला मीटरचा गिअर झिजला किंवा टायर वेगळ्या मापाचा बसवला की किलोमीटरच चुकतात. मोबाइलचा नकाशा लावून वीस किलोमीटर जुळवून बघा.

मग चाकं. वर सांगितलं तशी दोन्ही फिरवून बघा. शंका असेल तर पाच किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवून या आणि मागच्या ड्रमला अलगद बोटं टेकवा. कोमट ठीक, बोट ठेववत नसेल तर ब्रेक घासतोय. नट सैल करूनही घासत असेल तर आतला कॅम, म्हणजे ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारी फिरती कांडी, गंजून अडकलेला असतो, शू परत मागे येत नाहीत. चाक काढून कॅम साफ करून नखभर ग्रीस लावायचं, शूच्या लायनरला (ड्रमवर घासणाऱ्या थराला) अजिबात लागू न देता. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर दोन-अडीच सेंटिमीटर हलावी. ताणून बसवलेली चेनही पेट्रोल खाते. हवा थंड टायरमध्ये, माझ्या गाडीला पुढे २५ आणि एकट्याला मागे २८ पौंड. मागे माणूस बसणार असेल तर चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत लिहिलंय तेवढी वाढवायची. पंक्चरवाल्याच्या गेजपेक्षा स्वतःचं ठेवा. दोन-तीनशेत चालण्यासारखं मिळतं.

एअर फिल्टरने मला आणखी पाच किलोमीटर दिले. आमच्याकडे त्या वर्षी रस्ता खोदून ठेवला होता. फिल्टर काढला तर स्पंज गव्हाच्या पिठात लोळवल्यासारखा. स्पंजाचा फिल्टर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवायचा, पिळायचा नाही, फाटतो. पूर्ण वाळला की इंजिन ऑइलचे थेंब लावून पुन्हा दाबायचा, जास्तीचं तेल निघून जातं. नव्या गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो धुवायचा नाही, हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा. फिल्टर काढून गाडी चालवली की पिकअप वाढतो असं सांगणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. धूळ सिलिंडरला काय करते ते त्याला सहा महिन्यांनी कळतं.

चोक बघायला दहा सेकंद लागतात. कांडी पूर्ण खाली जाते का, की मळाने अर्ध्यात अडकते? सकाळी ओढलेला चोक राऊपर्यंत तसाच नेणारे मी पाहिलेत.

आता गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी ओव्हरफ्लोच्या नळीखाली डाग असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची सुई, म्हणजे कार्ब्युरेटरची वाटी (बाउल) भरली की पेट्रोल अडवणारी, नीट बसत नाहीये. कॉक बंद करायची सवय असेल तर हा रोग लपून राहतो. कधी पेट्रोल बाहेर न येता इंजिनात उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि वास पेट्रोलचा आला, तर ते ऑइल आधी बदला, मग बाकीचं.

क्लच घसरतोय का हे चढावर कळतं. टॉपमध्ये रेस दिली, इंजिनाचा आवाज चढला आणि काटा तिथेच, म्हणजे प्लेटा गेल्या. पण त्याआधी क्लचच्या दांडीला टोकाशी एक-दोन सेंटिमीटर मोकळी चाल आहे का बघा. केबल ताणलेली असली तरी हेच होतं आणि चांगल्या प्लेटा फुकट बदलल्या जातात.

टॅपेटबद्दल, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणाऱ्या दांड्या यांच्यातल्या फटीबद्दल, लोकांचा उलटा समज आहे. टिकटिक आली की आवळून घेतात, इंजिन एकदम शांत झालं की खूश. घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, अ‍ॅव्हरेजही जातं आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. टॅपेट पूर्ण थंड इंजिनवर, सकाळी, फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पट्टी घालून, पुस्तिकेतल्या मापाने. नुसत्या कानाने करणाऱ्याकडे मी गाडी देत नाही. बारीक टिकटिक असू द्या.

एवढं झाल्यावर प्लग काढायचा. तो इंजिनाची कुंडली सांगतो, पण योग्य वेळी विचारलं तर. सिग्नलवर उभ्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. महू रस्त्यावर पाच-सात किलोमीटर पन्नासने चालवा, क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी कडेला घ्या. इंजिन जरा निवू द्या आणि मग प्लग काढा. मधल्या पांढऱ्या चिनी मातीवर बिस्किटाचा रंग आला तर ठीक. कोरडं काजळ म्हणजे पेट्रोल जास्त. ओलं, तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय, तिथे कार्ब्युरेटरची ट्युनिंग करून उपयोग नाही. कोरा पांढरा म्हणजे पेट्रोल कमी; अ‍ॅव्हरेजच्या लोभात इंजिन भाजलं जातंय. मिस्त्रीच्या त्या 'ट्यूनिंग'नंतर माझा प्लग असाच निघाला होता.

"सगळा दोष इथेनॉलचा," हे हल्ली प्रत्येक चहाच्या ठेल्यावर ऐकू येतं. थोडा आहेच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी. पण नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच जुन्या दुचाकींसाठी ई२०मुळे (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) ३ ते ४ टक्के घट धरली आहे. म्हणजे ६२चे ६० होतील, ४४ नाही. मला जास्त धास्ती पाण्याची वाटते. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत ते तळाशी बसतं. कार्ब्युरेटरच्या बाउलखाली ड्रेन स्क्रू असतो. थंड इंजिनवर, उघड्या जागी, काचेच्या बाटलीत थोडं काढून बघा. खाली वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करावी लागेल.

प्लग काळाच येतोय, चोक आणि फिल्टर ठीक आहेत, गळती नाही, तर आता कार्ब्युरेटर उघडा. मिक्स्चरचा स्क्रू फिरवण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण बसेपर्यंत आत घ्या, किती फेरे झाले ते मोजून लिहा आणि तितकेच फेरे परत बाहेर काढा. जोर लावला तर टोक बसकं होतं. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आवळला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: आवळला की कमी होतं. इंजिन गरम करून, जिथे आयडल (रेस न देता इंजिनाचा वेग) सगळ्यात वर आणि एकसारखं लागतं तिथे तो ठेवा, मग आयडलचा स्क्रू सैल करून वेग खाली आणा. त्याची सत्ता आयडलवर आणि फार तर पाव थ्रॉटलपर्यंत. त्यापुढे पेट्रोल मोजून देतात ते थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई आणि मेन जेट, म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा. सुईच्या वरच्या टोकाला खाचा असतात. क्लिप एक खाच वर चढवली की सुई खाली बसते, पेट्रोल कमी होतं. एका वेळी एकच खाच.

जेटचं एक प्रकरण भाच्याच्या गाडीत निघालं. त्याने १५० सीसीची सेकंडहँड घेतली, अ‍ॅव्हरेज ३०. "मामा, विकून टाकू का?" सगळं तपासलं, सगळं ठीक, प्लग काजळासारखा. मेन जेट काढून उजेडाकडे धरलं तर भोक गोल नव्हतंच, एका अंगाने ओढल्यासारखं. आधी कोणीतरी ब्रेकच्या केबलच्या तारेने कचरा काढला होता. पितळ मऊ, भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. शिक्क्यावरचा नंबर तोच राहतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. त्याच नंबरचं नवं जेट टाकलं, ४३वर आला. जेट साफ करायचं ते कार्ब क्लीनरने आणि हवेने. तुमच्या समोर कोणी तार उचलली तर हात धरा.

माझा शेवटचा आकडा ६०. डायरीत त्यापुढे कंसात लिहून ठेवलंय: साडेतीनशे रुपये, ब्रेकचा नट.