टूर्नामेंटचा ताण वाटत असेल, तर कॅश गेम

पोकर टूर्नामेंटमधील ताणाचे मुख्य कारण त्याच्या रचनेतच आहे: ब्लाइंड (प्रत्येक वाटपाआधी दोन खेळाडूंनी लावायची सक्तीची रक्कम) ठरावीक वेळाने वाढत जातात, स्पर्धा कित्येक तास चालते, मधेच उठता येत नाही आणि साधारणपणे वरच्या 10 ते 15 टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळत असल्याने, अनेक तास उत्तम खेळूनही एका हातात (पत्त्यांच्या एका वाटपात) सारे संपू शकते. कॅश गेममध्ये ब्लाइंड स्थिर राहतात, चिपचे मूल्य थेट पैशाइतके असते आणि कोणताही हात संपल्यावर उठता येते.

मात्र ही उठण्याची मोकळीकच फसवी ठरते, कारण हरल्यावर पुन्हा पैसे लावण्यासही कोणी अडवत नाही. म्हणून बसण्यापूर्वीच वेळ आणि तोट्याची मर्यादा, उदाहरणार्थ दोन बाय-इन (बाय-इन म्हणजे टेबलावर बसताना चिपसाठी भरायची रक्कम), लिहून ठेवावी. सुरुवात सर्वांत लहान स्टेकवर (सर्वांत कमी ब्लाइंडच्या टेबलावर) करावी. एक बाय-इन सहसा 100 बिग ब्लाइंडचा (दोन ब्लाइंडपैकी मोठ्याच्या 100 पट) असतो. एवढ्या खोल स्टॅकवर, म्हणजे ब्लाइंडच्या मानाने चिप इतक्या जास्त असताना, टूर्नामेंटच्या अखेरीस चालणारी ऑल-इनची (सगळ्या चिप एकदम लावण्याची) घाई महागात पडते. टेबलावर लावलेला पैसा गमावल्याने घरखर्चाला धक्का बसणार असेल, तर प्रकार बदलून ताण कमी होणार नाही. तेव्हा न खेळणेच बरे.