हळदीचा अर्क टाकला आणि बँड गेला? संदेशवहनाच्या प्रयोगात या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात चालू असतात, त्याच दिवसांत एम.एस्सी.च्या चौथ्या सत्राचे प्रकल्प संपत आलेले असतात. सांगलीच्या हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि घरात बोट कापलं तरी आधी हळदच लागते. त्यामुळे दाह किंवा कर्करोग हा विषय निघाला की मुलं हमखास हळद निवडतात. मला ते मनापासून आवडतं. आपल्या मातीतल्या पिकावर आपल्या पोरांनी काम करावं, पण ते असं करावं की पुण्या-मुंबईच्या कुठल्याही लॅबमध्ये पुन्हा करून बघितलं तरी उभं राहील.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी मोबाइलवर ब्लॉटचा (पेशीतली प्रथिनं पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या, रूपात दाखवणाऱ्या चाचणीचा) फोटो घेऊन आली. पेशींना टीएनएफ हा दाह चेतवणारा रेणू देऊन, आयकप्पाबी या प्रथिनावर फॉस्फेट लागतं का, म्हणजे संदेश पुढे जातो का, हे ती बघत होती. "मॅडम, नुसत्या टीएनएफमध्ये फॉस्फो-आयकप्पाबीचा बँड ठळक आहे. आणि हळदीच्या अर्काच्या लेनमध्ये बघा, काहीच नाही! मार्ग बंद झाला." मी विचारलं, "अगं, टोटल आयकप्पाबी केलंस का?" टोटल म्हणजे फॉस्फेट लागलेलं आणि न लागलेलं मिळून सगळं. नव्हतं केलं. दुसऱ्या दिवशी केलं, तर त्या लेनमध्ये तोही बँड नव्हता. आयकप्पाबीच मोडून संपलं होतं, म्हणजे मार्ग पुरता चालून गेला होता आणि आम्ही उशिरा पोचलो होतो. अर्काने दाह थांबवल्याचा पुरावा म्हणून जो फोटो ती प्रबंधात लावणार होती, तो नेमकं उलटं सांगत होता.

सिग्नल दिसेनासा झाला की तो अर्कामुळे गेला की आपल्या हातून गेला, हे तपासायचं राहून जातं. आमच्याकडे वारंवार होणाऱ्या बहुतेक चुका याच एका चुकीची रूपं आहेत.

मिनिटांचा हिशेब

एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली बी पेशींमध्ये शोधलं. एरवी ते सायटोप्लाझ्ममध्ये आयकप्पाबी या प्रथिनाला बांधलेलं पडून असतं. टीएनएफ-अल्फा (वर नुसतं टीएनएफ म्हटलं ते हेच) किंवा जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस पेशीच्या रिसेप्टरवर येऊन बसलं की आयकेके हे एन्झाइम जागं होतं आणि आयकप्पाबी-अल्फाच्या ३२ आणि ३६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लावतं. फॉस्फेट लागलेलं आयकप्पाबी प्रोटिएझोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात, मोडलं जातं. मग मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन आयएल-६, कॉक्स-२ अशा दाह वाढवणाऱ्या जनुकांना चालना देतं. संधिवाताने सुजलेल्या सांध्यात हाच मार्ग चालू सापडतो. कित्येक गाठींमध्ये तो बंदच होत नाही, आणि मरायला हव्या त्या पेशी त्याच्या जोरावर तग धरतात. म्हणून कर्करोगवाले आणि दाहवाले दोघेही याच प्रथिनाच्या मागे असतात.

टीएनएफ दिल्यावर फॉस्फो-आयकप्पाबी पाच-दहा मिनिटांत ठळक दिसतं. पंधरा ते तीस मिनिटांत आयकप्पाबी जवळपास संपतं. आणि तासाभरात ते परत आलेलं असतं, कारण आयकप्पाबी-अल्फाचं जनुक एनएफ-कप्पा-बीच चालू करतं. साठाव्या मिनिटाला एकच नमुना घेऊन 'आयकप्पाबी शाबूत आहे, म्हणजे अर्काने ते वाचवलं' असं लिहिणारे प्रबंध मी वाचले आहेत. अर्क टाकला नसता तरी त्या मिनिटाला ते तिथे असतंच.

त्या मुलीच्या प्रयोगात काय झालं होतं, ते आम्ही तिची वही समोर ठेवून शोधलं. सहा डिश होत्या. तिने सगळ्यांत टीएनएफ एकदमच टाकलं आणि दहा मिनिटं होताच पहिल्या डिशपासून सुरुवात केली: मीडिया (पेशी वाढतात ते द्रावण) काढ, थंड पीबीएसने (खारट बफरने) धू, पेशी फोडणारं लायसिस बफर टाक, स्क्रेपरने खरवड, ट्यूबमध्ये भर. एका डिशला तीन मिनिटं. सहाव्या डिशकडे हात पोचेपर्यंत तिथल्या पेशींची पंचवीस मिनिटं झाली होती. आणि सहावी डिश दर वेळी अर्काची, कारण वहीत तक्ता त्याच क्रमाने लिहिलेला. तिन्ही वेळा तोच क्रम, त्यामुळे तिन्ही वेळा तोच निकाल, आणि तीनदा आला म्हणून त्यावर विश्वासही बसला.

उपाय सोपा आहे. टीएनएफ टाकतानाच प्रत्येक डिशमध्ये तीन मिनिटांचं अंतर ठेवा, म्हणजे काढताना तेच अंतर आपोआप वजा होईल. दर वेळी डिशचा क्रम बदला. चिठ्ठ्या टाकून ठरवला तरी चालेल. शून्य, पाच, दहा, पंधरा, तीस, साठ मिनिटं असा पूर्ण वेळक्रम एकदा तरी करा, आणि तो आपल्याच पेशींत करा. मॅक्रोफेजना (जिवाणू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना) एलपीएस दिलं तर वेळा आणखी पुढे सरकतात. टीएनएफचे आकडे तिथे उचलून लावू नका. आणि फॉस्फो-बँडच्या खाली टोटलचा बँड नसेल तर तो ब्लॉट मला दाखवूच नका, असं मी आता पहिल्याच दिवशी सांगते.

फॉस्फेट वाटेतच गळतं

पेशी फुटली की तिच्यातले फॉस्फेटेझ मोकळे सुटतात आणि ज्या फॉस्फेटसाठी आपण एवढा खटाटोप केला तेच काढून टाकायला लागतात. म्हणून बर्फ आधी, बाकी सगळं नंतर. बर्फ कमी पडला म्हणून दोन डिश ओट्यावर ठेवून उरकल्या, असं आमच्याकडे झालेलं आहे आणि त्या दोन लेन वाया गेल्या आहेत. समोरच्या रसवंतीतून बर्फ आणलात तरी हरकत नाही, तो डिशच्या बाहेरच राहणार आहे.

लायसिस बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घातलं म्हणजे झालं, हा समज फार पक्का बसलेला आहे. ते टायरोसिनवरचं फॉस्फेट वाचवतं. आयकप्पाबीचं फॉस्फेट सेरीनवर असतं. त्यासाठी सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट लागतं. शिवाय व्हॅनाडेट पाण्यात विरघळवून तसंच वापरलं तर त्याचा पुरता उपयोग होत नाही. पीएच १० ला आणायचा, पिवळं झालेलं द्रावण रंगहीन होईपर्यंत उकळायचं, गार करायचं, पीएच पुन्हा बघायचा, आणि तो स्थिर होईपर्यंत हेच करत राहायचं. बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर तेच व्हॅनाडेट निकामी करतात.

ब्लॉकिंगला, म्हणजे अँटीबॉडी ब्लॉटवर भलतीकडे चिकटू नये म्हणून मोकळ्या जागा झाकायला, दुधाची पावडर स्वस्त पडते, पण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट लागलेलं प्रथिन आहे. फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटीबॉडीला बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या.

पिवळा रंग

हळद आणि करक्युमिन (हळदीतला पिवळा रेणू) एक नव्हे. हळदीच्या पावडरीत करक्युमिन वजनाने साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं. बाटलीवर 'करक्युमिन' लिहून जे विकत मिळतं तेही बहुधा तीन सख्ख्या रेणूंचं मिश्रण असतं. 'हळदीने केलं' आणि 'करक्युमिनने केलं' ही दोन वेगळी विधानं आहेत. आपण नेमकं काय टाकलं तेच लिहावं. अर्कासाठी शक्यतो अख्खं हळकुंड आणून स्वतः दळा. बाजारातल्या सुट्या पावडरीत लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलो असा भेसळीचा पिवळा रंग असेल, तर पेशी कशाने मेल्या हे कळणार नाही.

आता त्या रंगाविषयी. करक्युमिन सुमारे ४२५ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं आणि हिरवट चमकतं. एका संध्याकाळी पी६५ (एनएफ-कप्पा-बीचा एक घटक) केंद्रकात जातं का हे बघायला आम्ही स्लाइड लावली. अर्क दिलेल्या पेशींचं सायटोप्लाझ्म हिरवंगार आणि केंद्रक काळंभोर. 'पी६५ बाहेरच अडकलं' याचं इतकं सुंदर चित्र मी पाहिलं नव्हतं. मग शेजारची स्लाइड लावली, जिच्यावर अर्क होता पण एकही अँटीबॉडी घातलेली नव्हती. तीही तशीच, तितकीच हिरवी. आम्ही हळद बघत होतो. तेव्हापासून हळदीच्या कामात हिरवा डाय वापरायचा नाही, लांबच्या लाल रंगातला घ्यायचा आणि अँटीबॉडीशिवायची स्लाइड चुकवायची नाही, हा नियम केला आहे.

एमटीटी चाचणीतही (जिवंत पेशी या रसायनाला जांभळं करतात, त्यावरून त्या मोजायच्या) असाच घात होतो. वनस्पतींच्या अर्कांतले अनेक घटक पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेली प्लेट जिवंत भासते. त्यामुळे पेशींविना नुसता मीडिया आणि अर्क, असा एक वेल हवाच. पेशी जिवंत आहेत का हे ज्या वेळेला ब्लॉट केला त्याच वेळेला तपासा. मेलेली पेशी सिग्नल देत नाही, आणि त्याला कुणी दाहशामक परिणाम म्हणत नाही. अर्क डीएमएसओत विरघळवला असेल तर कंट्रोलमध्येही तेवढंच डीएमएसओ घाला, आणि ते ०.१ टक्क्याच्या आसपासच ठेवा.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. संदेशवहनाच्या प्रयोगाआधी आपण पेशींचं सीरम (मीडियात घातलेला रक्ताचा द्रवभाग) काढून घेतो, म्हणजे पाटी कोरी होते. पण सीरम नसलेल्या मीडियात, ३७ अंशांना, करक्युमिनचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात मोडतो. दहा टक्के सीरम असेल तर आठ तासांनीही जवळपास निम्मं टिकतं. म्हणजे उपाशी पेशींवर दोन तास 'करक्युमिन' ठेवलं असं आपण लिहितो, तेव्हा त्यातला बराच वेळ त्या पेशी त्याच्या तुकड्यांत बसलेल्या असतात. शिवाय हा रेणू कितीतरी प्रथिनांना चिकटतो आणि चाचण्यांमध्ये फसवे निकाल देतो. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रातल्या संशोधकांनी सविस्तर आढावा घेऊन हेच स्पष्टपणे मांडलं. एवढ्यासाठी हळद सोडून देऊ नका, पण दावा जपून करा.

अर्काबरोबर आलेलं एंडोटॉक्सिन

हळकुंडं शिजवली, उन्हात वाळवली, पॉलिश केली, तरी ती मातीतून आलेली असतात. मातीतल्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, उकळून जात नाही, ऑटोक्लेव्हवरही भरवसा ठेवता येत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ते सहज पार होतं. असा अर्क मॅक्रोफेजवर टाकला की आयएल-६ वाढतं आणि 'हळद प्रतिकारशक्ती वाढवते' असं लिहिलं जातं.

याहून अवघड प्रकार म्हणजे तोच अर्क २४ तास आधी दिला आणि मग वरून एलपीएस दिलं. एकदा एलपीएस चाखलेले मॅक्रोफेज दुसऱ्या वेळी थंड प्रतिसाद देतात, टीएनएफ कमी येतं, आणि अर्क दाहशामक ठरतो. प्रत्यक्षात आपण एलपीएसच्या आधी एलपीएसच दिलेलं असतं. अर्काची एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करून घ्या. ती परवडत नसेल तर एलपीएसला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन बी घालून एक संच चालवा; परिणाम नाहीसा झाला तर तो हळदीचा नव्हता. काचेची भांडी २५० अंशांना अर्धा तास कोरडी भाजा.

पेशींच्या फ्लास्कमध्ये नकळत शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूचंही असंच. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन चालत नाही, मीडिया गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही, आणि त्याची लायपोप्रोटीन्स टीएलआर-२ या रिसेप्टरमधून एनएफ-कप्पा-बीला सतत टोचत राहतात. कंट्रोल लेनमध्येच बँड जाड येत असेल तर अँटीबॉडीला दोष देण्याआधी पीसीआर करा. आमच्याकडे एकदा मैत्रीखातर मिळालेल्या फ्लास्कमधून तो आला आणि चार महिन्यांचं काम टाकून द्यावं लागलं.

पेशी कुठून आल्या

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचा साठा आहे. तिथून रीतसर मागवा आणि आल्या आल्या कमी पॅसेजच्या (एका फ्लास्कमधून दुसऱ्यात कमी वेळा हलवलेल्या) निदान दहा व्हायल गोठवा. एमडीए-एमबी-४३५ या पेशी वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या. त्या मेलानोमाच्या निघाल्या. पॅसेज क्रमांक फ्लास्कवर लिहिलेला नसेल तर तो फ्लास्क कुणाचाच नाही, असं समजा.

आणि आपल्या गावापुरतं एक. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वर्षी कृष्णा गावात शिरली. लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर तळमजल्यावर ठेवू नका, आणि निम्म्या व्हायल कऱ्हाड-साताऱ्याकडच्या एखाद्या ओळखीच्या लॅबमध्ये ठेवा. पुरात रस्ता बंद झाला की नायट्रोजनची गाडी येत नाही.

आकडेमोडीचं थोडक्यात सांगते. एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधून भरलेले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग तीनदा मोजलेला असतो. वेगळा दिवस, वेगळा पॅसेज, नव्याने केलेला अर्क, असं तीनदा झालं की मग एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) बरोबर तीन लिहा. प्रत्येक लेनमध्ये प्रथिन सारखं भरलं का हे बघायला लावतो तो अ‍ॅक्टिनचा बँड काळाकुट्ट आला असेल तर तो संपृक्त झालेला आहे, त्याने भागाकार करून काही हाती लागत नाही.

त्या मुलीने प्रयोग नव्याने केला. डिशमध्ये तीन मिनिटांचं अंतर, क्रम चिठ्ठ्यांवर, शेजारी टोटल. अर्काच्या लेनमध्ये दहाव्या मिनिटाला फॉस्फो-बँड या वेळी होता, नुसत्या टीएनएफपेक्षा थोडा फिका, आणि टोटल थोडं जास्त शिल्लक. तिन्ही दिवशी तसंच. फरक लहान होता, पण खरा वाटत होता. आता तिने दोन ट्यूब लावल्या आहेत. एकीत करक्युमिन ताजं. दुसरीत तेच, पण सीरमविना मीडियात ३७ अंशांना एक तास आधी ठेवून मोडलेलं. दोन्हींनी बँड सारखाच फिका झाला, तर प्रबंधाच्या शीर्षकातून 'करक्युमिन' हा शब्द काढायचा, असं तिनेच वहीत लिहून ठेवलं आहे.