वर्गात दुकान मांडण्याआधी

ऑटिझम असलेल्या मुलांना खरेदी शिकवायला वर्गात दुकान-दुकान खेळायचं, तर आधी पैशांची सोय. खेळण्यातल्या नोटा आणू नका. यातल्या बऱ्याच मुलांच्या लेखी ती नोट वेगळी आणि वाण्याकडची वेगळी. एकीवर शिकलेलं दुसरीवर आपोआप उतरत नाही. खऱ्या नोटांची रंगीत झेरॉक्सही नको, ते कायद्यात बसत नाही. चार-पाचशे रुपये सुट्टे करून आणा आणि खेळ संपला की मोजून डब्यात ठेवा. दहाच्या नोटा मुद्दाम दोन्ही तऱ्हेच्या घ्या: गेंडा, हत्ती, वाघ असलेली जुनी आणि 2018 पासून आलेली, कोणार्कच्या सूर्यमंदिराची चॉकलेटी. ‘दोन्ही दहाच’ हे एखाद्या मुलाला पटायला आठवडा लागतो. म्हणून आधी फक्त नोटा जुळवण्याचा खेळ घ्या, दुकान नंतर. नाण्यांत एक आणि दोनचं एकत्र काढू नका, फार सारखी दिसतात. विसाचं बारा कडांचं नाणं मात्र हाताला लगेच कळतं.

माल घरातलाच: बिस्किटपुडा, साबण, पेन्सिल, आणि त्या मुलाला मनापासून हवी असलेली एक तरी वस्तू. किमतीची चिठ्ठी मोठ्या अक्षरात, आकडे पूर्ण रुपयांत.

खेळाचा नियम एका वेळी एकच. माझ्या मते सुरुवातीला हिशेब शिकवूच नये. चौतीस रुपयांची वस्तू असेल तर दहा, वीस, तीस असं मोजत नोटा ठेवायच्या आणि वर आणखी एक दहाची. बेरीज-वजाबाकी न येणारं मूलही एवढ्यावर खरेदी करू शकतं. ‘यादी बघ, वस्तू घे, पैसे दे, उरलेले घे, पिशवीत टाक’ अशी चित्रांची पट्टी गल्ल्याशेजारी चिकटवा. अडत असेल तर आधीच्या पायऱ्या तुम्ही करा, शेवटची त्याला करू द्या, मग हळूहळू मागे सरका. सोंगट्या-फाशांचा व्यापार नंतर. त्यात हरण्याचीही तयारी लागते.

दुकानदार कोण होणार ते आदल्या दिवशी ठरवून मुलांना सांगून ठेवा. खेळात अडचणीही पेरा: सुट्टे नाहीत, वस्तू संपली. आणि रुपयाऐवजी चॉकलेट! नियमाला पक्कं असलेलं मूल तिथेच अडून बसतं, आणि खरं सांगायचं तर बरोबर तेच असतं. ‘मला पैसेच द्या’ हे वाक्य बोलून किंवा कार्डावर दाखवून सरावाचं करून घ्या.

खऱ्या दुकानात नेण्याआधी दुकानदार काकांना एकदा भेटून या. गर्दी नसलेली वेळ विचारा (पुण्यात असाल तर दुपारी एक ते चार सोडून), घाई करू नका म्हणावं, उत्तर तुम्हाला नाही, मुलालाच द्या म्हणावं. पेमेंट आलं की खणखणीत ओरडणाऱ्या त्या डब्याचा आवाज तेवढ्यापुरता कमी करायला सांगा, आणि तरीही कानावरचे हेडफोन पिशवीत असू द्या.