पावसाचा अंदाज वाचताना या चुका टाळा

मागच्या खरिपात शेजारच्या काकांनी बांधावरूनच हाक मारली. "भाऊ, हवामानवाले लबाड बोलते. पाणी सांगतला, इथं थेंब नाही आला." मी त्यांच्या मोबाइलवरचा अंदाज वाचला. 'विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस.' त्याच दिवशी आमच्यापासून दोन-तीन कोसांवरच्या गावात नाल्याला पूर होता. अंदाज खरा ठरला होता, फक्त काकांनी त्यातला 'तुरळक' सोडून दिला होता.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हवामान विभागाचे शब्द मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि त्याहून जास्त असेल तर 'बहुतांश ठिकाणी'. विदर्भाचे ११ जिल्हे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तुरळक पावसात आपलं शेत कोरडं राहण्याचीच शक्यता जास्त, हे लक्षात येईल.

प्रमाणाचंही तसंच. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका पाऊस, १५.६ ते ६४.४ पर्यंत मध्यम. म्हणजे 'हलका ते मध्यम' या एका ओळीत धूळ दाबणारा शिडकावाही बसतो आणि नाला भरणारा पाऊसही. या ओळीवर पेरणी ठरवू नका.

आमच्या घरी ही चूक झालेली आहे. मृगाचा पहिला पाणी जोरात आला, वास सुटला, गावात तिफणी निघाल्या, आम्हीही सोयाबीन पेरलं. पुढे दोन आठवडे उघाड. तास उकरून पाहिलं तर दाणे फुगलेले, साल तडकलेली, पांढरा कोंब बाहेर येऊन तिथंच वाळलेला. पेरताना वरची काळी माती ओली होती, पण वीतभर खाली हात घातला तर ढेकूळ गरम लागत होतं. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणावं लागलं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो ते याचसाठी.

तो पाऊस मोजायचा कसा? सरळ कडांचा डबा उघड्यावर, झाडा-भिंतीपासून लांब ठेवा आणि सकाळी साडेआठला पट्टी बुडवून बघा. वेळ तीच ठेवा, कारण हवामान विभागाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या आकड्यात येतो, आणि आकडे चुकीचे आहेत म्हणून चावडीवर उगाच वाद होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, एवढं मनात ठेवलं की डब्यातल्या आकड्याची किंमत कळते.

दुसरी चूक आभाळाकडे बघताना होते. ढग आले म्हणजे पाऊस आला, असं नसतं. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, ढग धरेपर्यंत किलोमीटरमागे साधारण १० अंशांनी थंड होते आणि तिच्यातली वाफ धुळीच्या बारीक कणांवर जमते. हा झाला ढग. त्यातला थेंब मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग असतो आणि असे दहाएक लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब तयार होतो. म्हणून आभाळ दिवसभर भरलेलं राहतं, वारा वाहतो आणि संध्याकाळी काहीच पडत नाही.

रंगापेक्षा आकार बघा. फुलकोबीसारखा वर-वर चढणारा आणि डोकं ऐरणीसारखं पसरवणारा ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो. तो बरसतो, पण रस्त्याच्या एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला फुफाटा अशा तऱ्हेनं. तो कोणत्या गावावर फुटेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. नागपूरच्या रडारवरून पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा निघतो, तेवढा बघावा. आपल्याकडची झड मात्र बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातून येते. तिथं कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशा, छत्तीसगडकडे सरकतं आहे असं ऐकलं, की फवारणी थांबवा आणि शेतातल्या चऱ्या मोकळ्या करा.

मोबाइलवरचे '६० टक्के' म्हणजे ६० टक्के वेळ पाऊस नव्हे, ती पाऊस येण्याची शक्यता आहे. ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशाची तारीख आधी बघा, गेल्या वर्षीचे इशारे अजून फिरत असतात. मृग लागतो ७-८ जूनला, पण मोसमी पाऊस आपल्याकडे साधारण जूनच्या मध्याला पोचतो. नक्षत्र लागलं म्हणून तिफण काढू नका.

आणि विजेच्या बाबतीत एकही चूक परवडत नाही. लखलखाट दिसला की आकडे मोजा. गडगडाटाला तीन सेकंद लागले तर वीज साधारण एक किलोमीटरवर आहे. तीसच्या आत आवाज आला तर काम सोडून पक्क्या घरात जा. निंबाखाली किंवा बाभळीखाली थांबू नका. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप घरातल्या एकाच्या तरी मोबाइलवर असू द्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत शेतात जाऊ नका, वखर तासात उभा राहिला तरी चालेल.