बाबासाहेब फौजेतच राहिले असते तर? असला कल्पनाविस्तार लिहायचा कसा

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांना फौज म्हणजे काय हे वेगळं सांगायला लागत नाही. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, पहाटे रिक्रूट पोरं पळताना दिसतात, आणि बहुतेक गावात कोणीतरी रिटायर्ड सुभेदार असतोच. त्यामुळं निबंध स्पर्धेत "अमुक नेता राजकारणात न जाता सैन्यात गेला असता तर" असा विषय आला की सगळे खुश, आणि मग लिहितात काय तर साहेब जनरल झाले, शत्रू पळाला, देश सुधारला, टाळ्या. नाव बदलून कुणालाही बसवा, निबंध तोच राहतो. असलं लिहायचं नसेल तर पुढं वाचा.

आधी माणूस निवडताना बघा की त्याचा एक पाय खरोखर फौजेच्या दारात पडला होता का. बरेच जण यशवंतराव चव्हाणांना घेतात, का तर १९६२ ला चीनच्या युद्धानंतर ते संरक्षणमंत्री झाले. पण ते मंत्रिपद होतं, आणि त्यांच्या तरुणपणी वर्दीकडं जाणारा फाटा कुठं दिसत नाही, सगळा जोर स्वातंत्र्य चळवळीत. मग तुम्हाला त्यांचा अख्खा स्वभाव बदलायला लागतो आणि गोष्ट लटकी होते. मी बाबासाहेब आंबेडकर घ्या म्हणतो. अनेकांना माहीतच नसतं की जानेवारी १९१३ मध्ये, बीए झाल्या झाल्या, ते बडोदा संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून रुजू झाले होते. घरही फौजीच, वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेत हेडमास्तर होते, आजोबा मालोजी पण सैन्यात, जन्म महूच्या छावणीतला. म्हणजे इथं दार आहे, उघडं आहे आणि माणूस आत गेलेला पण आहे. नोकरी मात्र काही दिवसांचीच झाली, वडील आजारी म्हणून निघावं लागलं आणि २ फेब्रुवारीला वडील गेले.

आता नेमकं काय बदलायचं ते ठरवा, आणि एकच गोष्ट बदला. इथं एक मोह होतो. बाबासाहेब बडोद्याहून मुंबईला येताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली, असं चरित्रात येतं. वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं, त्यामुळं सगळ्यांना वाटतं की गाडी चुकली नसती तर असं लिहावं. पण गाडी मिळाली असती तरी एक दिवस आधी पोचले असते, एवढंच, करिअर त्यानं बदलत नव्हतं. खरा सांधा, म्हणजे जिथनं आयुष्य वळलं ती जागा, आहे जून १९१३ चा. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीचा करार झाला, शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची या अटीवर, आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. ती शिष्यवृत्ती काढा आणि वडिलांचं कार्य आटोपून त्यांना परत बडोद्याला त्याच लेफ्टनंटकीवर पाठवा. बाकी जग जसंच्या तसं ठेवायचं, महायुद्ध पण १९१४ लाच सुरू होऊ दे.

यानंतरचं काम सगळ्यात किचकट पण मजा पण त्यातच आहे, भिंती शोधायच्या. म्हणजे तुमचा नायक कितीही हुशार असला तरी त्या काळच्या नियमात तो कुठपर्यंत जाऊ शकत होता ते बघायचं. एक मोठा कागद घ्या, डाव्या बाजूला साल, मध्ये त्याचं वय, उजवीकडं त्या साली फौजेत काय चाललंय ते लिहा.

१९१३, वय २२. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात महारांची भरतीच बंद. १८९० च्या दशकात "लढाऊ जाती" म्हणून जी थिअरी काढली तिच्यात ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यानपिढ्या बंदूक वागवली त्यांनाच बाहेर काढलं, आणि भरती परत सुरू करा म्हणून शिवराम जानबा कांबळ्यांसारखी माणसं अर्ज करत होती. म्हणून दार होतं ते फक्त संस्थानचं. १९१७, वय २६. महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा सरकारला परत आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. आता तुमचा लेफ्टनंट बडोदा सोडून तिकडं जाईल का? जाईल म्हणालात तर त्याला हुद्दा कोणता देणार? इथं थांबून विचार करा, कारण हिंदी माणसाला जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर इथपर्यंतच जाता येत होतं, त्याच्या वरची राजाची सनद, म्हणजे अधिकाऱ्याची नेमणूक, जवळपास गोऱ्यांचीच. संस्थानातला लेफ्टनंट तिथं जमादार व्हायला तयार होईल का, हा प्रश्न म्हणजे एक अख्खा सीन आहे, सोडू नका. १९१८ मध्ये सँडहर्स्टला, इंग्लंडातल्या लष्करी अकादमीत, हिंदी पोरांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या, पण त्या कोवळ्या आणि बड्या घरच्या पोरांसाठी, आपला माणूस तेव्हा २७ चा आणि सुभेदाराचा मुलगा. १९२१ ला ती महार पलटण मोडली. डेहराडूनची अकादमी निघाली १९३२ ला, तेव्हा वय ४१.

कागद पूर्ण झाला की दिसतं काय तर "जनरल आंबेडकर" हा रस्ताच नाही. हुशारी कमी म्हणून नव्हे, प्रत्येक दार उघडायच्या वेळी यांचं वय नाहीतर जन्म आडवा येतो. आणि माझ्या मते निबंधाचं खरं मटेरियल हेच आहे, पराक्रम नव्हे.

बडोद्यातलं रोजचं जगणं रंगवायला तर कल्पना फार ताणायला पण लागत नाही. १९१७ ला कोलंबिया आणि लंडनहून आल्यावर करारानुसार ते खरंच बडोद्याला गेले आणि महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी झाले. एवढं शिकून आलेला माणूस, आणि ऑफिसातले शिपाई विटाळ होईल म्हणून फायली लांबूनच टेबलावर टाकायचे, प्यायला पाणी मिळायचं नाही, राहायला जागा कोण देईना म्हणून पारशी असल्याचं सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. आता हेच उलटं फिरवा. परदेशी पदव्या असताना हे, तर नुसत्या बीए लेफ्टनंटचं काय झालं असतं? मेसमध्ये तो कुठं बसला असता, पाण्याचं भांडं कुणी दिलं असतं, त्याच्या हाताखालच्या शिपायानं सॅल्यूट कसा मारला असता? सॅल्यूट मारताना शिपायाचे डोळे कुठं होते एवढंच नीट लिहा, लढाई लिहायची गरज पडणार नाही.

फौजेतली भाषा मात्र ऐकून लिहा. गावातल्या एखाद्या माजी सैनिकाकडं जाऊन बसा, चहा घ्या, त्याला पराक्रम विचारू नका, फॉलिन (हजेरीला रांगेत उभं राहणं) किती वाजता व्हायचं, लंगरात काय असायचं, सुट्टी नाकारली की कसं वाटायचं हे विचारा. काका सुरू झाले की थांबत नाहीत हे खरं, पण एखादं वाक्य असं मिळतं की ते तुम्ही टेबलाशी बसून कधीच लिहिलं नसतं. हा, आणि आत्ताचे हुद्दे १९१३ मध्ये घालू नका, नायब सुभेदार हा स्वातंत्र्यानंतरचा, तेव्हा जमादार म्हणायचे.

मग येतं परिणामाचं, आणि इथं बहुतेक जण ढिले पडतात. "मग संविधानच झालं नसतं" हे वाक्य कृपया नको. संविधान सभा तर बसलीच असती, मसुदा समितीला अध्यक्ष पण कोणतरी मिळाला असता, प्रश्न हा आहे की त्यात काय आलं नसतं. त्यापेक्षा जवळचं बघा. १९२० चं मूकनायक काढा, १९२७ चं महाड काढा, गोलमेज परिषदेतली त्यांची खुर्ची रिकामी करा. आपल्या भागापुरतं बघायचं तर १९२५ ची निपाणीतली बहिष्कृत परिषद घ्या, तिथं ते आलेच नाहीत असं धरा आणि त्या दिवशी आसपासच्या खेड्यातनं चालत आलेला एखादा माणूस काय ऐकून परत गेला असता ते लिहा.

आणि आता तो मुद्दा ज्याच्यामुळं मी हा विषय बेळगावात बसून सुचवतोय. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांना व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळात घेतलं, त्यांनी महार पलटणीची मागणी लावून धरली, आणि ऑक्टोबरमध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली ती कुठं, तर आपल्या बेळगावात. आता तुमच्या गोष्टीतला माणूस ५० वर्षांचा आहे, मोडलेल्या पलटणीतनं घरी आलेला किंवा बडोद्यात कुठंतरी अडकलेला. मग व्हाइसरॉयकडं ही मागणी न्यायला कोण बसलंय? मागणी करणारे दुसरे पण असतील हो, नव्हते असं नाही, पण त्या टेबलावर बसलेला माणूस नाही. फौजेत गेल्यामुळं फौजेचंच दार बंद राहतं, असा पेच तुमच्या हातात आलाय. तो सोडवायच्या भानगडीत पडू नका, तसाच वाचकापुढं ठेवा. कॅम्पातलं ग्राउंड, पावसाळा संपत आलेला, आणि भरतीची रांग लागलेलीच नाही, असा सीन चालेल.

एक बारीक गोष्ट, १९४१ च्या सीनमध्ये "कर्नाटकातील बेळगाव" लिहू नका. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो, म्हैसूर राज्यात गेलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला. पुढचा वाद सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरलात तर निबंध बाजूलाच राहील.

कोणतरी म्हणेलच की बाबासाहेबांवर असलं जर-तर कशाला. त्याला तुमचा तो कागद दाखवा, डावीकडची सालं आणि उजवीकडच्या भिंती, बहुतेक वेळा तेवढ्यावर माणूस गप्प बसून वाचायला लागतो. अपमान होतो तो पोकळ गौरवानं, म्हणून विशेषणं कमी ठेवा, "महामानव" एकदा आलं तर बास.

हे जमलं की दुसरा सराव म्हणून चर्चिल घ्या, तो तर आत्ताच्या आपल्याच राज्यात, बंगळूरच्या छावणीत १८९६ ला घोडदळाचा अधिकारी म्हणून आला होता, पोलो खेळायचा आणि दुपारी पुस्तकं वाचत पडायचा. १८९९ ला त्यानं फौज सोडली, त्याच वर्षी इंग्लंडात ओल्डहॅमची संसदेची पोटनिवडणूक हरला, मग बोअर युद्धात बातमीदार म्हणून गेला, कैद झाला, पळाला, आणि १९०० ला त्याच ओल्डहॅममधनं निवडून आला. त्याच्या कागदावर जन्माची भिंत नाहीच, होती ती पैशाची, पगारात भागत नव्हतं म्हणून वर्तमानपत्रांना लिहायचा. सांधा कुठं धरणार, पगार की ती पळून जायची रात्र, ते तुम्ही ठरवा.