मानेची गाठ वाचताना: आधी गुलाबी, मग तपकिरी

फोंड्याहून आलेली ती गाठ मला अजून आठवते. चतुर्थीच्या आदल्या दिवशीची गडबड, फॉर्मवर एवढंच: विशीतली मुलगी, तीन आठवडे ताप, मानेत गाठ, टीबी की लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग)? मी थेट मार्करच्या स्लाइड लावल्या, म्हणजे ठराविक प्रथिन असलेल्या पेशी तपकिरी करणाऱ्या. सीडी ३० या मार्करने मोठमोठ्या पेशी तपकिरी झालेल्या दिसल्या आणि मी लिम्फोमा लिहायला बसले. सरांनी एचअँडईची, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची स्लाइड पुढ्यात सरकवली. "बाय, ही पाहिलीस?" पाहिली नव्हती.

म्हणून नव्या रेसिडेंटना सांगते, गुलाबी स्लाइड आधी. मेलेल्या पेशींच्या जागा शोधा. ग्रॅन्युलोमा (हिस्टिओसाइट पेशींचे घट्ट गोळे), केसिएशन (चीजसारखा मेलेला भाग), लँगहान्स जायंट सेल (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी) दिसल्या तर टीबीच्या तपासाला लागा. (सर्जनना आधीच सांगून ठेवा, गाठीचा एक तुकडा सलाइनमध्ये पाठवा म्हणून. सगळी गाठ फॉर्मलिनमध्ये बुडाली की कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, गेलं.) पण केंद्रकांचा नुसता चुरा सांडलाय, भोवती चंद्रकोरीसारख्या केंद्रकांचे हिस्टिओसाइट (चुरा गिळणाऱ्या पेशी) आहेत आणि न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जवळपास नाहीतच, तर किकुची-फुजिमोतो मनात आणा. १९७२ साली जपानमध्ये या दोघांनी वेगवेगळं वर्णन केलेला आजार. बहुधा काही महिन्यांत आपोआप निवळतो.

आता मार्कर. सीडी ३ (टी पेशींचा), सीडी २० (बी पेशींचा), सीडी ८ (मारक टी पेशींचा), सीडी ६८ (हिस्टिओसाइटचा), एमपीओ, सीडी १२३ मागवा. चुऱ्याच्या जागी सीडी २० तुरळक, सीडी ८ च्या टी पेशी भरपूर. सीडी १२३ ने प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींचे (रोगप्रतिकारातल्या एका प्रकारच्या पेशी) पुंजके उजळतात. खरी गंमत एमपीओची. एरवी तो न्यूट्रोफिलचा मार्कर, इथे मात्र हिस्टिओसाइटच तपकिरी होतात. म्हणून सीडी ६८ आणि एमपीओच्या स्लाइड शेजारी ठेवून तीच जागा दोन्हींत बघा. माझ्या त्या सीडी ३० च्या पेशी कर्करोगाच्या नव्हेत, चिडलेले इम्युनोब्लास्ट (चेतवलेल्या लिम्फोसाइट पेशी) होते: सीडी ८ पॉझिटिव्ह, सीडी १५ निगेटिव्ह.

पावसाळ्यात आमच्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की सेक्शन (गाठीचा पातळ काप) नीट वाळत नाही आणि मार्कर लावण्याआधी ज्यात स्लाइड उकळतो त्या प्रेशर कुकरमधून काढला की सुटून तरंगतो. काप घट्ट धरणाऱ्या चार्ज्ड स्लाइड वापरा, ओव्हनमध्ये पुरेसा वेळ ठेवा. कडेची आणि घडीवरची तपकिरी छटा मोजू नका. टॉन्सिलचा कंट्रोल (सोबत लावलेला, निकाल आधीच माहीत असलेला तुकडा) बिघडलाय तर बाकीचं वाचूच नका, पुन्हा लावा.

ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) गाठ मात्र मार्करवर हुबेहूब अशीच दिसू शकते. हिमॅटॉक्सिलिन बॉडी (केंद्रकाच्या मालाचे जांभळे गोळे) किंवा खूप प्लाझ्मा पेशी दिसल्या तर संशय वाढवा. दिसल्या नाहीत तरी अहवालाच्या शेवटच्या ओळीत एएनए तपासणी (ल्युपससाठीची रक्ततपासणी) आणि पुढची काही वर्षं फॉलोअप लिहा. त्या मुलीच्या किकुचीच्या अहवालात ती ओळ सरांनी माझ्याकडून हाताने लिहून घेतली.